ड्रायर फिरत नाही? लगेच ‘मोटार गेली’ म्हणू नका!

मंगरूळपीरसारख्या गावात रिपेअरिंगचं काम सुरू करायचंय? मग सेमी-ऑटोमॅटिक मशीनचा ड्रायर आधी शिकून घ्या. पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत आणि नेमका तेव्हाच ड्रायर रुसतो. ताईंचा फोन येतो, ‘दादा, ड्रायर फिरतच नाही.’ नवीन मेकॅनिक न बघताच मोटार बदलायला सांगतो. बिघाड साध्या वायरचा होता हे नंतर कळलं, की त्या गल्लीतलं पुढचं काम गेलंच समजा.

म्हणून स्वस्त कारणापासून महागाकडे जा. प्लग काढल्याशिवाय मागचं झाकण उघडायचं नाही. कपॅसिटरमध्ये करंट साठलेला असतो, टेस्ट लॅम्प लावून तो आधी उतरवा.

१. आवाजच नाही: सॉकेट, टायमर आणि झाकणाचा स्विच तपासा. झाकण उघडं असलं की हा स्विच सप्लाय तोडतो. उंदराने वायर कुरतडली का, तेही बघा.

२. मोटार गुणगुणते, पण फिरत नाही: मशीन लगेच बंद करा, नाहीतर मोटार जळेल. प्लग काढा, झाकण बंद ठेवा आणि मागून ब्रेकचा ड्रम हाताने फिरवा. अडकला तर ब्रेकची वायर सैल झाली असेल किंवा टबखाली मोजा, रुमाल गेला असेल. मोकळा फिरला तर कपॅसिटर तपासा.

३. मशीन धडधडते: बहुतेक वेळा कपडे एका बाजूला गोळा झालेले असतात. सारखे पसरवून, वरून जाळी दाबून बसवा. तरीही हादरली तर मोटारीखालच्या स्प्रिंगा बघा.

४. मोटारीवर पाणी टपकतं: टबखालचं रबरी सील फाटलंय. इथेच खरी मेख आहे! सील तसंच ठेवून नवी मोटार बसवली, तर तीही भिजून जळते आणि शिव्या तुम्हाला बसतात.

मोटार खरंच गेली असेल, तर आधी ताईंना कारण दाखवा, जुना पार्ट हातात द्या आणि खर्च सांगून मगच काम करा. तपासणीचे पैसे मात्र जरूर घ्या. तेही आधीच सांगून! कारण शोधणं हेच तुमचं खरं कौशल्य आहे.

या आठवड्यात घरचीच मशीन उघडून हे भाग ओळखा. पहिला धडा तिथेच होईल.