एका कराराचें देणें, दुसऱ्या कराराचें येणें

गेल्या आषाढांत एके संध्याकाळीं आमचा पुतण्या भिजलेल्या अंगानें ओटीवर आला आणि छत्री कोपऱ्यांत ठेवण्यापूर्वींच म्हणाला, "नानाकाका, पहिल्या कामाचें बिल त्यांनीं अडविलें!" आम्हीं त्यास आधीं अंग पुसावयास सांगितलें. घरांतून चहा आला, आणि मग त्यानें सर्व हकीकत क्रमानें निवेदन केली. ती येथें देण्याचें कारण असें कीं, हल्लीं हा प्रकार पुष्कळ घरांत घडतो. आणि जेथें तिघे-चौघे भाऊ एका चुलीवर जेवतात तेथें त्याची झळ सर्वांसच लागते.

आमचें लोधिवली हें गांव खालापूर तालुक्यांत, मुंबई-पुणें जुन्या रस्त्यालगत आहे. आमच्या लहानपणीं जिल्ह्यास कुलाबा म्हणत; १९८१ पासून तो रायगड झाला. भातशेती हाच मूळचा धंदा. पुढें रसायनीस आणि पाताळगंगेच्या बाजूस कारखाने आले, आणि शेतावर राबणाऱ्यांचीं मुलें कंत्राटदार झालीं. कोणी मजूर पुरवितो, कोणी गाड्या. आमचा पुतण्या बांधकामांतला.

एका कारखान्यानें (नांवाचें येथें प्रयोजन नाहीं) त्यास दोन कामें दोन निरनिराळ्या करारांनीं दिलीं होतीं. पहिलें कुंपणाच्या भिंतीचें. तें वेळेवर पुरें झालें, मापें घेतलीं गेलीं, आणि ४,८०,००० रुपयांचें बिल मंजूरहि झालें. दुसरें काम गोदामाच्या फरशीचें. तें लांबलें. कारखान्याचें म्हणणें, या दिरंगाईनें आपलें ६,००,००० रुपयांचें नुकसान झालें. पुतण्याचें म्हणणें, जागाच त्यांनीं दोन महिने उशिरां मोकळी करून दिली आणि तोंवर पाऊस उभा राहिला. वाद दुसऱ्या कामाचा, आणि पैसे अडले पहिल्या कामाचे! त्या पैशांवर मजुरांची मजुरी, सिमेंटवाल्याची उधारी आणि आमच्या नातीची कॉलेजची फी, इतकें सारें अवलंबून होतें.

आमचे थोरले बंधू झोपाळ्यावर बसून ऐकत होते. ते म्हणाले, "देणारा तोच, घेणारा तोच. मग त्यानें वजाबाकी केली तर त्यांत अन्याय तो कोणता?"

हा प्रश्न भोळा वाटला तरी भोळा नाहीं. व्यवहारांतील निम्मे लोक असेंच समजतात. परंतु आम्हीं बत्तीस वर्षें मुलांस वजाबाकी शिकविली आहे, आणि वजाबाकीस दोन आंकडे लागतात. ४,८०,००० हा आंकडा मापें घेऊन ठरलेला आहे. ६,००,००० हा आंकडा एका पक्षानें आपल्याच घरीं बसून लिहिलेला आहे. नुकसान झालें कीं नाहीं, झालें असल्यास कोणाच्या दोषानें, व किती, यांपैकीं एकहि गोष्ट ठरलेली नाहीं. १८७२ च्या करार कायद्याचें ७३ वें कलम नुकसानभरपाई देवविते खरें, पण ती भंगापासून स्वाभाविकपणें उद्भवलेल्या हानीची. ७४ व्या कलमाप्रमाणें तर करारांत दंडाची रक्कम लिहून ठेवली असली तरीहि, त्या रकमेच्या मर्यादेंत वाजवी तेवढीच भरपाई मिळते. वाजवी काय, हें मागणाऱ्यानें ठरवावयाचें नसतें.

या मुद्द्यावर आपल्या मुंबईच्या हायकोर्टाचा १९५४ सालचा एक निवाडा प्रसिद्ध आहे. एका लोखंडी मालाच्या कंपनीचा तो खटला. मुख्य न्यायाधीश होते महंमद करीम छागला. त्यांनीं स्पष्ट केलें कीं, करार मोडला म्हणजे तत्क्षणीं मोडणाऱ्याच्या माथीं कर्ज बसत नाहीं. दुसऱ्या पक्षास मिळतो तो केवळ दावा लावण्याचा हक्क. पैशाचें देणें उत्पन्न होतें तें न्यायालयानें रक्कम ठरविल्यावर. कर्ज आणि तक्रार या दोन वस्तु भिन्न आहेत, हें इतक्या स्वच्छपणें सांगितलेलें आमच्या वाचनांत क्वचित् आलें.

बरें, कोर्टांत गेल्यावर तरी वजावट सहज मिळते काय? १९०८ च्या दिवाणी कार्यपद्धतीच्या संहितेंत, आठव्या आदेशाच्या सहाव्या नियमांत, तिच्या अटी आहेत. रक्कम निश्चित हवी, कायद्यानें वसूल होण्याजोगी हवी, आणि दोन्ही पक्ष दोन्ही देण्याघेण्यांत त्याच नात्यानें उभे असावयास हवेत. ही शेवटची अट एकत्र कुटुंबानें विशेष ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. संस्कृत व्याकरणांत ज्यास आम्ही सामानाधिकरण्य म्हणतों, त्याचेंच हें भावंड समजा. धाकट्या भावाचें खासगी देणें थोरल्या भावाच्या येण्यांतून कापतां येत नाहीं. दोघे एकाच ताटांत जेवत असले तरी करारांत ते दोन निराळे पुरुष आहेत. अनिश्चित नुकसानीची मागणीहि प्रतिवादीस मांडतां येते. १९७६ च्या दुरुस्तीनें प्रतिदाव्याची वाट मोकळी केली आहे. परंतु तेथेंहि निकाल न्यायाधीश देतो, कारखान्याचा हिशेबनीस नव्हे.

इतकें ऐकून पुतण्याचा चेहरा उजळला. आम्हांस मात्र त्याचा आनंद मावळवावा लागला. कारण कायद्याचा सामान्य नियम एक, आणि पक्षकारांनीं स्वतः सही करून दिलेला शब्द दुसरा. केंद्र सरकारच्या खरेदीच्या करारांत एक अठरावी अट असे. ठेकेदाराकडून येणें उत्पन्न झाल्यास तें याच नव्हे, तर त्याच्या अन्य करारांच्या रकमेंतूनहि वळतें करून घ्यावें, असा तिचा आशय. रामन आयर्न फाउंड्रीच्या खटल्यांत १९७४ सालीं सर्वोच्च न्यायालयानें म्हटलें कीं, ही अट ठरलेल्या देण्यासच लागू आहे, न ठरलेल्या नुकसानीस नाहीं. आणि आधार घेतला तो वर सांगितलेल्या मुंबईच्याच निवाड्याचा. ठेकेदारांस हायसें वाटलें असेल. पण १९८३ सालीं कमालुद्दीन अन्सारी यांच्या खटल्यांत त्याच न्यायालयाच्या मोठ्या पीठानें अठराव्या अटीचा तो संकुचित अर्थ चुकीचा ठरविला. अटीचे शब्द व्यापक आहेत, तेव्हां सरकारास अन्य करारांतील पैशांवरहि हात ठेवतां येईल, असा निर्णय झाला. २०२० सालीं गुजरातेंतील एका ठेकेदाराच्या प्रकरणांत न्यायालयानें पुन्हा १९८३ चीच वाट धरली. ठेकेदाराच्या बाजूस एक आधार मात्र उरतो. कर्नाटकांतील एका भाताच्या गिरणीच्या खटल्यांत १९८७ सालीं असें ठरलें कीं, नुकसानीची रक्कम आंकण्याचा अधिकार एका पक्षास करारानें दिला असला, तरी करार मोडला कीं नाहीं हाच वाद असेल तर तो त्या पक्षानें स्वतःच निकालांत काढूं नये. आपल्याच खटल्यांत आपणच पंच, हें न्यायास सोसत नाहीं.

तात्पर्य, सारें ओझें कागदावरच्या शब्दांवर येऊन पडतें. आम्हीं पुतण्यास म्हटलें, "दोन्ही करारनामे घेऊन ये." तो म्हणाला, "काका, ते मीं वाचलेच नाहींत. सही केली." हें ऐकून थोरल्या बंधूंनीं झोपाळा थांबविला.

तो कागद आणावयास गेला असतां आमच्या मनांत आजीच्या पाटल्या आल्या. ही १९३० च्या सुमाराची, घरांत अनेकदां ऐकलेली गोष्ट. लावणीच्या तोंडावर बियाण्यास पैसे नव्हते, म्हणून आजीनें आपल्या स्त्रीधनाच्या पाटल्या एका सावकाराकडे सत्तर रुपयांस गहाण टाकल्या. भात विकून पौषांत पैसे व्याजासह नेऊन दिले. सावकारानें ते मोजून घेतले आणि म्हणाला, "तुमच्या यजमानांचें बैलाचें जुनें खत बाकी आहे, तें फिटेपर्यंत पाटल्या माझ्याकडेच राहतील." आजोबा मान खालीं घालून परत आले. तें खत पुढें फिटलें नाहीं, आणि पाटल्याहि आल्या नाहींत. आमच्या आत्याच्या लग्नांत तिच्या हातांत कांचेच्याच बांगड्या होत्या.

आजोबांस ठाऊक नव्हतें कीं, करार कायद्याचें १७४ वें कलम तेव्हांहि जसेंच्या तसें होतें. ज्या कर्जासाठीं वस्तु गहाण ठेविली, त्याखेरीज दुसऱ्या कर्जासाठीं ती अडकवून ठेवण्याचा हक्क गहाण घेणारास नाहीं. तसा वेगळा करार असला तर गोष्ट निराळी. गहाणानंतर त्यानेंच आणखी रक्कम दिली असेल तर तिच्यापुरता मात्र असा करार गृहीत धरतात. आजोबांचें खत आधींचें, आणि तेंहि आजीचें नव्हे, नवऱ्याचें. सावकाराचा पक्ष दोन्ही बाजूंनीं लंगडा होता. याज्ञवल्क्यानें व्यवहाराध्यायांत सांगितलें आहे कीं, रक्कम दिली कीं ऋणकोनें ती खताच्या पाठीवर नोंदवावी, किंवा धनकोनें स्वहस्ताची पावती द्यावी. आणि ऋण फिटल्यावर खत फाडून टाकावें. आजीजवळ पावतीहि नव्हती.

बँकांची गोष्ट वेगळी आहे. १७१ व्या कलमानें बँकेस, उलट करार नसल्यास, आपल्या ताब्यांतील ठेवीच्या वस्तु एकंदर बाकीसाठीं रोखून धरण्याचा हक्क दिला आहे. म्हणून दागिने ठेवून कर्ज काढतांना, आणि विशेषतः कोणास जामीन राहतांना, आपल्या नांवावर त्याच बँकेंत दुसरें काय काय आहे तें बायकामाणसांनींहि विचारून घ्यावें. जमिनीच्या गहाणांत मात्र, एकाच धनकोकडे दोन शेतें निरनिराळ्या गहाणखतांनीं असतील, तर एक शेत स्वतंत्रपणें सोडवितां येतें. मालमत्ता हस्तांतरणाच्या कायद्याचें ६१ वें कलम १९२९ च्या दुरुस्तीपासून तसें स्पष्ट बोलतें. तेथेंहि "उलट करार नसल्यास" हे शब्द आहेतच.

आणखी एक लहानशी गोष्ट. एकाच माणसाचीं दोन-तीन देणीं असतील तर पैसे देतांना हे अमुक देण्यापोटीं, असें लिहून द्यावें. तशा सूचनेसह घेतलेले पैसे त्याच खातीं जमा करावे लागतात, हें ५९ वें कलम. आपण मुके राहिलों तर निवड धनकोची होते, आणि तो ते मुदत टळलेल्या जुन्या देण्याकडेहि वळवूं शकतो.

पुतण्या कागद घेऊन आला. दिव्याखालीं आम्हीं दोन्ही करारनामे दोन वेळां वाचले. पहिल्यांत कपातीचें नांव नव्हतें. दुसऱ्याच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत होतें, पण शब्द असे होते: "या करारान्वयें देय होणाऱ्या रकमेंतून". अन्य कराराचा उल्लेख कोठेंहि नव्हता. हिशेबनिसानें तो आपल्या मनानेंच वाचला होता.

खोपोलीच्या वकिलांनीं नोटीस धाडली. केलेल्या कामाच्या मोबदल्याचा दावा तीन वर्षांत लावावा लागतो, तो अवधि अजून पुष्कळ होता. पण तितकी वेळ आली नाहीं. आश्विनांत पहिल्या बिलाची सर्व रक्कम आली, आणि मजुरांचे पैसे दिवाळीपूर्वीं चुकते झाले. फरशीचा वाद लवादापुढें आहे; त्यांत पुतण्याचा थोडा दोष निघेल, असें आम्हांस वाटतें, आणि तसें त्यास सांगितलेंहि आहे.

त्याच कारखान्यानें परवां त्यास तिसरें काम देऊं केलें. नवा करारनामा त्यानें सही करण्यापूर्वीं आणून आमच्यापुढें ठेवला. आमचा चष्मा सांपडेना, तेव्हां त्यानेंच मोठ्यानें वाचावयास सुरुवात केली. शेवटच्या पानावर तो थांबला. या खेपेस तेथें लिहिलें होतें, "या किंवा अन्य कोणत्याहि करारान्वयें". त्यानें आमच्याकडे पाहिलें, आणि खिशांतून पेन्सिल काढून त्या शब्दांखालीं रेघ ओढली.