गिरण्यांच्या भिंती पाडाव्यात की वापराव्यात?

मुंबईच्या कापडधंद्याचा आरंभ १८५४ साली कावसजी दावर यांनी स्थापन केलेल्या गिरणीने झाला आणि पुढे सव्वाशे वर्षे परळ-लालबागचा दिनक्रम गिरणीच्या भोंग्यावर चालला. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. त्यानंतर तो धंदा सावरला नाही. भोंगे थांबले, इमारती मात्र उरल्या. त्यांतील पुष्कळशा पाडून तेथे मनोरे उभे राहिले, काहींत दुकाने व उपाहारगृहे आली, तर काहींच्या जुन्या दालनांत लहान उद्योजकांनी सामायिक कार्यालये थाटली. या शेवटच्या प्रकाराकडे नगररचनेच्या धुरीणांनी अधिक गांभीर्याने पाहावे, असे आम्हांला वाटते.

जुन्या गिरण्यांची बांधणी विचारपूर्वक झालेली होती. साचाखात्यावरील करवतीच्या दात्यांसारख्या छपरांना उत्तरेच्या अंगाने काचा बसवीत. त्यामुळे उन्हाची तिरीप टळून दिवसभर सारखा उजेड मिळे. उंच छत, जाड भिंती आणि सागवानी तुळया यांमुळे अशा दालनात आजही विजेचा खर्च आटोक्यात ठेवता येतो. शिवाय या विटा भाजण्यास व लोखंड ओतण्यास लागलेले इंधन केव्हाच खर्ची पडले आहे. इमारत पाडली की राडारोडा शहराबाहेर वाहून न्यावा लागतो आणि नव्या सिमेंट-पोलादासाठी पुन्हा कोळसा जाळावा लागतो. निसर्गरक्षणाचे व्रत सांगणाऱ्या उद्योगाने अशा नव्या मनोऱ्यात बिऱ्हाड करणे विसंगत होय. चिंध्यांपासून कापड करणारे, जुनी यंत्रे दुरुस्त करणारे वा सौर उपकरणे बसविणारे चार-पाच लहान व्यावसायिक एकाच छपराखाली बसले, तर सभागृह, गोदाम, यंत्रे यांचा खर्च वाटला जातो आणि एकाचा टाकाऊ माल दुसऱ्याच्या कामी येतो.

तथापि या प्रश्नाची दुसरी बाजू डोळ्यांआड करता येणार नाही. १९९१ च्या नियमावलीने गिरण्यांच्या मोकळ्या जमिनीचे तीन वाटे ठरविले होते: एक महापालिकेच्या उद्यान-मैदानांसाठी, एक सार्वजनिक गृहनिर्माणासाठी आणि एक मालकासाठी. उभ्या इमारतीचा आतून वापर बदलण्यास मात्र मुभा होती. २००१ साली ही वाटणी आधीपासून मोकळ्या असलेल्या जागेपुरतीच मर्यादित झाली आणि ७ मार्च २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो बदल वैध ठरविला. परिणाम असा की, इमारत राखली तरी बहुतांश लाभ मालकाचा आणि पाडली तरी मालकाचाच! ज्यांच्या घामावर त्या भिंती उभ्या राहिल्या, त्या कामगारांची हजारो कुटुंबे घराची वाट पाहत आहेत.

त्यातच २९ डिसेंबर २०१७ रोजी कमला मिलच्या आवारातील उपाहारगृहांस आग लागून १४ जणांचे प्राण गेले. जुन्या वास्तूचा नवा वापर करताना बाहेर पडण्याच्या वाटा आणि अग्निशमनाची व्यवस्था यांकडे काणाडोळा केल्यास काय होते, याचा हा दारुण धडा आहे.

म्हणून आमचे म्हणणे स्पष्ट आहे. उरलेली कोणतीही गिरणी पाडण्यास परवानगी देण्यापूर्वी तिच्या बांधकामाची तज्ज्ञांकडून तपासणी व्हावी. जेथे वापरबदलास मान्यता मिळेल, तेथे काही दालने लहान उद्योगांना आणि गिरणी कामगारांच्या मुलांच्या सहकारी संस्थांना माफक भाड्याने देण्याची अट घालावी. अग्निसुरक्षेची पाहणी दरवर्षी होऊन तिचा अहवाल दारावर लावला जावा. याउप्पर पाटी बदलून भाडे वाढविण्यालाच पुनर्वापर म्हणावयाचे असेल, तर त्या सवलतीवर नागरिकांनी हरकत घेणे रास्तच ठरेल. गिरणगावाने या शहराला वैभव दिले. त्याच्या उरल्यासुरल्या छपरांखाली सामान्य माणसाच्या हाताला पुन्हा काम मिळावे, एवढी अपेक्षा अवाजवी नाही.