आकाशक-परिभ्रामक
आकाशक-परिभ्रामक : खांबावरील दिशिक आकाशक, म्हणजेच अँटेना, इष्ट प्रक्षेपकाकडे वळविणारे विद्युत् साधन. कामशेतहून मुंबई पश्चिमेस, तर सिंहगड आग्नेयेस. १९७३ पासून दूरदर्शनचे प्रक्षेपण दोहोंकडून होऊ लागल्याने याची उपयुक्तता तेथे सहज ध्यानी येते. आता ते मुख्यत्वे हौशी रेडिओ केंद्रांत आढळते. २३० व्होल्टचा दाब सामान्यतः सु. २४ व्होल्टपर्यंत उतरविणारे रोहित्र घरातच ठेवावे. मावळच्या पावसात ओल्या खांबावर २३० व्होल्ट नेणे जिवावर बेतते. मात्र कमी दाबाला तारेतील ऱ्हास फार जाणवतो : ०·७५ चौ. मिमी. छेदाच्या, ३० मी. लांबीच्या दुहेरी तांब्याच्या तारेत २ अँपिअर प्रवाहाला सु. २·७५ व्होल्ट खर्ची पडतात व जोराच्या वाऱ्यात चलित्र अडते. ही काटकसर महागात पडते. छेद दुप्पट केल्यास ऱ्हास निम्मा होतो.