रिक्षाचा डोळा आकाशात!

रात्री ऑफिसातून बाइकवर निघालात आणि समोरच्या रिक्षाचा लाइट थेट डोळ्यांत! क्षणभर पुढचा खड्डाच दिसत नाही ना? जळगावच्या पिंप्राळ्यात एका गॅरेजवाल्या भाऊंनी मला यातली गोम सांगितली. मागे तिघे बसले, की रिक्षाचं नाक वर होतं आणि लाइटही. म्हणून सेटिंग करायचं ते माणसं बसवूनच! आधी चाकांतली हवा बघायची. मग सपाट जागेवर भिंतीपासून २५ फुटांवर रिक्षा उभी करायची. दिव्याच्या मध्याएवढ्या उंचीवर खडूची रेघ मारायची. डिपरवर स्क्रू फिरवत उजेड रेघेखाली दोन-तीन इंच आणायचा, उजवीकडे अजिबात नाही. कारण उजवीकडून तुम्ही येत असता, बॉस!