हायडॅटिडची गाठ मटणातून येत नाही

यकृतात किंवा फुप्फुसात हायडॅटिडची गाठ निघाली की घरात आधी मटण बंद होतं. त्याचा उपयोग नाही. ही गाठ म्हणजे कुत्र्याच्या आतड्यातल्या, जेमतेम काही मिलिमीटर लांबीच्या फीतकृमीची (एकायनोकॉकस) अळी-अवस्था. शहाळ्यासारखी: बाहेर आवरण, आत स्वच्छ पाणी. माणसाच्या पोटात जातात ती कृमीची अंडी, आणि ती येतात कुत्र्याच्या विष्ठेतून. मातीचे हात, न धुतलेली कोथिंबीर अशा वाटांनी. मटणाचा संबंध कुत्र्याशी आहे. मेंढीच्या काळजा-फुप्फुसातली गाठ त्याने कच्ची खाल्ली की त्याला लागण होते. रुग्णापासून घरच्यांना काहीही धोका नसतो, त्याचं ताट वेगळं करू नये.

म्हणून खरा उपाय कुत्र्यावर आणि खाटीकखान्यात करावा लागतो. न्यूझीलंडने १९५९ साली त्यासाठी कायदाच केला: कुत्र्याला कच्चे अवयव घालायला बंदी, शिवाय सक्तीने जंताचं औषध. सुरुवातीला ते होतं अरेकोलिन, आपल्या सुपारीत असतं तेच द्रव्य. पुढे प्राझिक्वान्टेल आलं. २००२ मध्ये तो देश या रोगापासून तात्पुरता मुक्त जाहीर झाला. आपल्याकडे मटणाच्या दुकानामागे टाकलेल्या अवयवांवर कुत्री आजही तुटून पडतात. ते अवयव जाळायला किंवा खोल पुरायला हवेत.