दोन हात, दोन बटणे

साठी उलटल्यावर माणसाने काय शिकावे याची आपल्याकडे एक अलिखित यादी आहे. गीतेचे अध्याय, हार्मोनियम, योगासने. फारच हौस असेल तर मोडी लिपी. या यादीत न बसणारी एक गोष्ट शिकण्यासाठी मी गेल्या वर्षी भोसरीला जाऊ लागलो, तेव्हा घरातून पहिली प्रतिक्रिया आली ती अशी : "अहो, मिक्सरची वायर बदलायला तुम्ही दोन महिने घेतलेत. आणि आता कारखाने चालवायला शिकणार?"

कारखाने चालवायला नव्हे, पण कारखान्यातली यंत्रे ज्याच्या हुकमाने चालतात तो डबा समजून घ्यायला मी निघालो होतो. प्रोग्रॅमेबल लॉजिक कंट्रोलर हे त्याचे पूर्ण नाव. पण ते कोणी उच्चारत नाही, सगळे पीएलसी म्हणतात. कारण तसे स्वार्थाचे होते. माझ्या नव्या कादंबरीतला नायक एका कारखान्यात इलेक्ट्रिशियन आहे. त्याचे बालपण, त्याचे कर्ज, त्याच्या बायकोशी होणारे त्याचे भांडण हे सगळे मला लिहिता आले. पण बंद पडलेल्या यंत्रापुढे तो उभा राहतो तेव्हा त्याचे हात नेमके काय करतात, हे मला माहीत नव्हते. असे अडले की लेखक ग्रंथालयात जातो. मी क्लासला नाव घातले.

क्लास म्हणजे एका दुकानाच्या वरची खोली. टेबलांवर सहा ट्रेनर किट : एका पाटीवर बसवलेला पीएलसी, खाली खटक्यांची रांग, वर लाल-हिरव्या दिव्यांची. बारा विद्यार्थी होते, त्यांतले अकरा बावीस-तेविशीच्या आतले. कोणी आयटीआयचा वायरमन, कोणी डिप्लोमा झालेला. लातूर, बीड, सोलापूरकडची मुले. सहा-सात जण एका खोलीत राहणारी, आणि रात्रपाळी करून सकाळी थेट क्लासला येणारी. शिकवणाऱ्या मॅडम तिशीतल्या. त्यांनी मला पहिल्या दिवशी "सर" म्हटले आणि दुसऱ्या दिवसापासून मुलांच्या बरोबरीने "काका".

आता या डब्याची गोष्ट सांगायला हवी, कारण ती मला फार आवडली.

पूर्वी यंत्रांचे नियंत्रण रिलेवर चाले. रिले म्हणजे विजेने चालणारा खटका. तारेच्या वेटोळ्यातून वीज गेली की त्याचा चुंबक होतो, तो एक पत्ती ओढतो, आणि कुठला तरी कॉन्टॅक्ट जुळतो किंवा सुटतो. 'झाकण बंद असेल आणि टाकी भरलेली असेल, तरच पंप चालू' अशा अटी या रिले एकमेकींना तारांनी जोडून पाळल्या जात. अटी वाढल्या की रिले वाढत, रिले वाढल्या की कपाटे वाढत. मोटारीच्या कारखान्यात नवे मॉडेल आले की ही कपाटेच्या कपाटे उघडून पुन्हा वायरिंग करावे लागे. १९६८ साली अमेरिकेतल्या जनरल मोटर्सच्या हायड्रामॅटिक विभागाने या जंजाळाला इलेक्ट्रॉनिक पर्याय मागितला. मॅसॅच्युसेट्समधल्या बेडफर्ड असोसिएट्स नावाच्या छोट्या कंपनीत डिक मोर्ली आणि त्याचे सहकारी याच कल्पनेवर काम करत होते. त्यांचा तो ८४ वा प्रकल्प, म्हणून यंत्राचे नाव पडले मोडिकॉन ०८४.

पण खरी गंमत पुढेच आहे. हे यंत्र चालवायला नवी भाषा शिकलेली, पांढऱ्या शर्टातली माणसे लागणार असती तर कारखान्याच्या दुरुस्ती खात्याने त्याला हातही लावला नसता. म्हणून त्याची भाषाच इलेक्ट्रिशियनच्या नकाशासारखी ठेवली गेली. दोन उभ्या रेघा, त्यांच्यामध्ये आडव्या पायऱ्या. म्हणून तिचे नाव लॅडर, शिडी. डाव्या रेघेतून वीज निघते असे समजायचे, वाटेतले सगळे कॉन्टॅक्ट जुळले तर ती उजवीकडच्या कॉइलपर्यंत पोचते. आत एकही खरी तार नाही, वेटोळे नाही, सगळा आकड्यांचा खेळ. पण पडद्यावर दिसते ते वायरमनच्या ओळखीचे चित्र. पन्नाशीतला पॅनेलवाला ते पाहून म्हणू शकतो, "हां, हे तर आपलंच आहे."

मला इथे आमची बँक आठवल्याशिवाय राहिली नाही. मी १९८२ साली नोकरीला लागलो. पुढल्याच वर्षी यांत्रिकीकरणाबद्दल बँका आणि संघटना यांच्यात करार झाला, रंगराजन समितीचा अहवाल १९८४ साली आला, आणि मग शाखांमध्ये लेजर पोस्टिंगची यंत्रे दिसू लागली. ज्या हेडक्लार्कचे अक्षर पाहून ग्राहक खाते उघडत, ज्यांना खाते क्रमांक न विचारता लेजरचे पान सापडे, त्यांच्या हातचे काहीही त्या यंत्राने घेतले नाही. त्यांना कीबोर्डसमोर बसवले आणि पहिल्या इयत्तेत घातले. २०००-०१ च्या स्वेच्छानिवृत्तीत त्यांतले बरेच गेले. मीही त्याच लाटेत बाहेर पडलो, मला लिहायचे होते हे निमित्त. यंत्राने आधी माणसाची भाषा शिकायची, की माणसाने यंत्राची, हा निर्णय कोणीतरी टेबलावर बसून घेतलेला असतो. मोर्लीच्या मंडळींनी तो वेगळा घेतला, एवढेच मी म्हणतो. त्यात त्यांचा व्यापारही होताच.

पहिला धडा एका मोटरचा. हिरवे बटण दाबले की मोटर सुरू, लाल दाबले की बंद. सोपे वाटते. पण हिरव्या बटणावरून बोट काढले की ते सुटते, आणि मोटर तर चालू राहायला हवी. मग मोटरच्या कॉइलचाच एक कॉन्टॅक्ट हिरव्या बटणाला समांतर टाकायचा. मोटर एकदा चालू झाली की ती स्वतःच स्वतःला धरून ठेवते. याला होल्डिंग म्हणतात. आणि लाल बटण? ते नेहमी जुळलेलेच ठेवायचे, दाबल्यावर सुटेल असे. मी विचारले, उलटे का नाही? दाबल्यावर जुळणारे का नाही? मॅडमनी उत्तर न देता किटवरची लाल बटणाची तार उपटली. मोटरचा दिवा विझला. "काका, उलटं असतं तर ही तार तुटल्याचं आपल्याला कधी कळलं असतं? थांबवायची वेळ आली तेव्हाच ना?"

ऑडिटची पंचवीस पाने वाचून मला जे कधी कळले नव्हते ते त्या एका उपटलेल्या तारेने कळले.

पीएलसीची काम करण्याची तऱ्हा जुन्या कारकुनासारखी आहे. तो आधी सगळ्या बटणांची आणि सेन्सरांची स्थिती एकदाच टिपून घेतो, मग प्रोग्रॅम पहिल्या पायरीपासून शेवटच्या पायरीपर्यंत वाचतो, मग सगळे निकाल एकदम बाहेर पाठवतो, आणि पुन्हा पहिल्यापासून. ही फेरी थोड्या मिलिसेकंदांत होते, म्हणून आपल्याला सगळे तत्क्षणी घडल्यासारखे वाटते. एकच मोटर दोन पायऱ्यांवर लिहिली तर शेवटच्या पायरीचे म्हणणे खरे ठरते. दोन साहेबांनी दोन हुकूम दिले की शिपाई शेवटचा ऐकतो, तसेच.

यामागचे तर्कशास्त्र जुने आहे. क्लॉड शॅनन या तरुणाने १९३७ साली एमआयटीतल्या आपल्या प्रबंधात दाखवून दिले, की रिलेची जोडणी म्हणजे जॉर्ज बूलचे बीजगणितच आहे. 'दोन्ही नाहीत' आणि 'दोन्हींपैकी एक नाही' यांत मुले नेहमी गोंधळत. तो गोंधळ सोडवणारा नियम ऑगस्टस डी मॉर्गनच्या नावाचा. हा डी मॉर्गन १८०६ साली जन्मला तो आपल्या मदुराईत. हे मी मुलांना सांगितले. एकाने विचारले, "काका, हे इंटरव्ह्यूला विचारतात का?" मी नाही म्हटल्यावर विषय संपला.

सातव्या आठवड्यात पॉवर प्रेस आला, आणि माझे लक्ष कादंबरीवरून उडाले.

प्रेस म्हणजे पत्रा कापणारे, दाबणारे यंत्र. वरचा साचा खाली येतो, पत्र्याचा भाग तयार होतो. पत्रा ठेवायला आणि भाग काढायला कामगाराचा हात साच्याखाली जातो. नोकरीत असताना मी एका औद्योगिक वसाहतीतल्या शाखेत होतो, आणि तारण यंत्रांची तपासणी करायला शेडमध्ये जाई. यंत्रांवर बँकेच्या नावाची पाटी आहे ना, हे बघायचे. अशाच एका शेडमध्ये एका कारागिराने मला पाण्याचा ग्लास दिला. त्या हाताला दोन बोटे नव्हती. तो तीनच बोटांत ग्लास इतक्या सराईतपणे धरून होता, की ते क्षणभर लक्षातही आले नाही. तेव्हा लागू असलेल्या १९४८ च्या कारखाना कायद्यात धोकादायक भागांना कुंपण घालण्याचे कलम होते, २१ वे. त्या शेडमधल्या प्रेसला पायाने दाबायचे पॅडल होते, बाकी काही नव्हते.

यावरचा एक उपाय म्हणजे दोन बटणे. दोन्ही तळहातांनी दोन दूरची बटणे दाबून धरली तरच साचा खाली येईल. हात बटणांवर, म्हणजे साच्याबाहेर. बँकेच्या तिजोरीच्या दोन किल्ल्यांसारखेच. आणि बँकेत राहिलेल्या माणसाला हेही ठाऊक असते, की दोन्ही किल्ल्या एकाच्या खिशात कशा येतात.

वर्गातला बीडचा एक मुलगा वर्षभर प्रेस शॉपमध्ये कंत्राटी हेल्पर होता. तो पहिल्यांदाच मोकळेपणाने बोलला. "एका बटणाला ट्यूबचा रबर बांधतात. मग एका हातानं दाबायचं, दुसऱ्यानं माल लावायचा. नाहीतर शिफ्टचा आकडा होत नाही. सुपरवायझरला माहीत असतं सगळं."

मॅडम म्हणाल्या, "मग आता असा प्रोग्रॅम लिहा, की रबर बांधून चालणार नाही."

पुढचे दोन तास मी विसरणार नाही. पहिला प्रोग्रॅम : दोन्ही बटणे दाबलेली असली की प्रेस चालू. बीडच्या मुलाने एका बटणाला रबर बांधले, दुसरे दाबले, दिवा लागला. दुसरा प्रोग्रॅम : दोन्ही बटणे अर्ध्या सेकंदाच्या आत दाबली गेली पाहिजेत. रबर बांधले, दिवा लागला नाही. पोरांनी टाळ्या वाजवल्या. पण मला चैन पडेना. गडबड नेहमी काउंटर उघडायच्या वेळी होते, असा माझा नोकरीतला अनुभव. मी रबर तसाच ठेवला, किटचा मेन स्विच बंद केला, चालू केला, आणि डबा जागा होताच दुसरे बटण दाबले. दिवा लागला! त्याच्या दृष्टीने दोन्ही बटणे आत्ताच दाबली गेली होती. मग तिसरी अट आली : दर वेळी दोन्ही बटणे सुटलेली दिसल्याशिवाय पुढचा स्ट्रोक नाही. आता रबर निरुपयोगी झाला. आम्ही तासभर नाना तऱ्हांनी त्याला फसवू पाहिले. तो फसला नाही.

आणि मग मॅडमनी सांगितले, "हे खऱ्या प्रेसवर टाकायचं नाही." साध्या पीएलसीचा आउटपुट आतून चिकटून बसू शकतो; मग प्रोग्रॅम 'बंद' म्हणतो आणि यंत्र चालूच राहते. म्हणून बोटांची जबाबदारी दुहेरी मार्गाने तपासणाऱ्या वेगळ्या सेफ्टी रिलेवर किंवा सेफ्टी पीएलसीवर टाकायची असते. आणि जुन्या पिन क्लचच्या प्रेसवर एकदा स्ट्रोक सुटला की तो मध्येच कोणीच थांबवू शकत नाही. तिथे बटणे साच्यापासून इतकी लांब हवीत, की स्ट्रोक पुरा होईपर्यंत हात पोचूच नये. शहाणपणाची ही मर्यादा पुस्तकात एका ओळीत असते. ती मुलांनी वहीत चौकट करून लिहिली.

बीडच्या मुलाने मात्र चौकट केली नाही. तो म्हणाला, "पण मॅडम, मग आकडा कसा होणार?" त्याचे उत्तर त्या खोलीत कोणाकडे नव्हते. गुरुग्राम-मानेसर भागात वाहनांचे सुटे भाग बनवताना बोटे गमावलेल्या कामगारांसाठी 'सेफ इन इंडिया' नावाची संस्था काम करते. २०१९ पासून तिचे अहवाल प्रसिद्ध होतात. मी ते नंतर वाचले. माणसे बहुतेक याच मुलांच्या वयाची, आणि बहुतेक कंत्राटी.

बाकीचा अभ्यासक्रम भराभर झाला. टायमर, काउंटर, पडद्यावरची चित्रे, सीमेन्स आणि मित्सुबिशी आणि डेल्टाच्या तऱ्हा. १९९३ साली आलेल्या आंतरराष्ट्रीय मानकाने पाच पद्धती एकसारख्या ठरवल्या, तरी प्रत्येक कंपनीची चूल वेगळी. २०१० साली उघड झालेल्या स्टक्सनेटबद्दलही मॅडमनी सांगितले. इराणमधल्या नतांझच्या अणुकेंद्रात या विषाणूने पीएलसीत शिरून सेंट्रिफ्यूजची गती बिघडवली, आणि नियंत्रण कक्षातल्या पडद्यावर मात्र सगळे ठीक दिसत राहिले. मुलांना ते सिनेमासारखे वाटले. मला त्यात ताळेबंद दिसला.

माझ्या नायकाचे हात आता मला दिसतात. तो यंत्र बंद पडले की आधी डब्यावरचे छोटे दिवे बघतो : इनपुटचा दिवा लागलाय का? लागला नसेल तर दोष बाहेर, तारेत किंवा सेन्सरमध्ये. मग तो मीटर काढतो. ते प्रकरण मी पुन्हा लिहिले.

बीडच्या मुलाला चाकणच्या बाजूला मेंटेनन्समध्ये नोकरी लागली. कंत्राटीच, पण या वेळी हातात टेस्टर आहे. महिन्यापूर्वी रात्री साडेअकराला त्याचा फोन आला. "काका, झोपला नव्हता ना? इथं तीन प्रेस आहेत. एकाच्या बटणाला रबर आहे. मी काढला. दुसऱ्या दिवशी परत होता." मी विचारले, कोणाला सांगितलेस? "सुपरवायझरला. बघतो म्हणाले."

मला प्रेस दुरुस्त करता येत नाही, पण कागद करता येतो. पोटासाठी तेच केले. त्याला सांगितले, मेंटेनन्सच्या वहीत लिही : तारीख, पाळी, प्रेसचा नंबर, 'दोन हातांच्या बटणाला रबर बांधलेला आढळला, काढला, सेफ्टी रिले बसवावा'. कोणाचे नाव घालू नकोस. रोज आढळला तर रोज लिही. खाली सही घे. देत नसतील तर 'सही दिली नाही' असे लिही.

त्याच्या नोंदी आता नऊ झाल्या आहेत. आठव्या नोंदीखाली कोणीतरी हिरव्या शाईने 'कोटेशन मागवावे' असे लिहिले आहे. कोणी, ते त्याला अजून कळलेले नाही. रबर अजून तिथेच आहे. तो पाळीच्या सुरुवातीला काढतो, आणि पाळी संपताना पुन्हा बघून येतो.