झेड की टी?

समष्टीची सरासरी तपासताना नमुना तीसपेक्षा मोठा असेल तर झेड-कसोटी, नाहीतर टी, असे आपण वर्गात सांगतो. विचारायला हवे ते हे, की समष्टीचे प्रमाण विचलन ठाऊक आहे का? बहुधा नसते, ते नमुन्यावरूनच काढावे लागते, आणि पाच निरीक्षणांवरून काढलेले विचलन स्वतःच डळमळीत असते. डब्लिनच्या गिनेस बिअर कारखान्यातल्या विल्यम गॉसेटला हीच अडचण आली. १९०८ मध्ये त्याने ‘स्टुडंट’ या टोपणनावाने तोड प्रसिद्ध केली. पाच टक्के पातळीला (दोन्ही बाजू धरून) झेडचे सीमामूल्य १.९६, पाच निरीक्षणांना टीचे २.७८. तिथे १.९६ वापरले तर, वितरण प्रसामान्य असूनही, खरे गृहीतक शंभरात पाचऐवजी सुमारे बारा वेळा नाकारले जाईल! तीस निरीक्षणांना मात्र २.०५ पुरते, म्हणून तो नियम खपून जातो.